स्वेटर कुठल्या स्टेशनला?

मंगळवार, माघ शुद्ध चतुर्थी

आमच्या घरात ग्वाल्हेरच्या थंडीचं माप थर्मामीटरनं घेत नाहीत. पुण्याहून येणाऱ्या माणसानं स्वेटर कुठल्या स्टेशनला चढवला, यावरून घेतात. झाशीला चढवला तर थंडी नावापुरती. भोपाळला चढवला तर बरी आहे म्हणायची. इटारसीला चढवला तर आई सिगडीत दोन कोळसे जास्त टाकते. यंदा जानेवारीत दादाची मुलगी आली, तिनं भुसावळलाच स्वेटर घातला आणि वर शाल लपेटली. भुसावळ! हा आकडा घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

तो सगळा महिना आईचा फोन एका वाक्यानं सुरू व्हायचा, "आजही सूर्य नाही." ज्या दिवशी ऊन पडलं नाही त्या तारखेवर ती कॅलेंडरात फुली मारत होती. हवामान खात्याच्या भाषेत याला 'कोल्ड डे' म्हणतात. रात्रीचा पारा दहाच्या आत आणि दिवसाचा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त खाली. रात्रीच्या थंडीला रजई आहे. दिवसाच्या थंडीला काय करणार? पुण्यात मी "धुकं पडलंय का?" विचारलं की दादा चिडायचा. धुकं महाबळेश्वरला पडतं, लोक त्यात फोटो काढतात. इथे पडतो तो कोहरा. त्यात समोरचा ट्रक दिसत नाही. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक मराठीत हिंदी मिसळतो म्हणून पुण्याचे नातेवाईक हसतात, पण या शब्दाच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

मला या खेपेला थंडी मोजायची नव्हती, वसंत बघायचा होता. पुण्यात फेब्रुवारीतल्या एका दुपारी पंखा लागतो, झाला वसंत. माहेरी तो रीतसर येतो. पंचमीला घरी पोचायचं, दादाच्या गाडीतून गावांकडे भटकायचं, रथसप्तमीचं दूध उतू घालायचं आणि परतायचं, असा बेत.

रेल्वेनं वाटेत चार तास खाल्ले. एरवी दुपारी लागणारी झाशी संध्याकाळी पाचला लागली. त्याचा फायदाच झाला. झाशी ते ग्वाल्हेर हा शंभरेक किलोमीटरचा पट्टा उतरत्या उन्हात पाहायला मिळाला. दतियाचा सात मजली महाल गेला, सोनागिरच्या टेकडीवरची पांढरी जैन मंदिरं गेली, आणि दोन्ही बाजूंना मोहरी. पण डोळे दिपवणारं ते पिवळं सरसकट नव्हतं. लवकर पेरलेली शेतं हिरवी-करडी झालेली, शेंगांवर आलेली. उशिराच्या पेऱ्यांत तेवढा पिवळा रंग शाबूत होता. दोन शेतांच्या मधे गहू, गडद हिरवा, जाजम अंथरावं तसा.

दतिया सोडताना खिडकीतून मानेवर वारा आला आणि मी स्वेटर चढवला.

घराच्या दारात आईचा पहिला प्रश्न, "कुठे?"

"दतियाला."

"म्हणजे संपली यंदाची."

"आई, संध्याकाळी सहाला घातलेला धरायचा नाही," दादा बॅग उचलत म्हणाला. "नियम सकाळचा आहे."

ऐंशी ओलांडलेल्या बाईशी नियमांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बुधवार, माघ शुद्ध पंचमी

सकाळी कोहरा होता, पण पातळ. समोरच्या घराचा सज्जा दिसत होता, त्यावरची मांजर दिसत नव्हती. माझ्या अंगावर ती जुनीच रजई होती, कापूस पुन्हा पिंजून भरलेली, इतकी जड की कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं.

आमचं घर लष्करात. 1810च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही आणि छावणीचं शहर झालं. खासगी बाजार, दाणाओळी, शिंदे की छावणी ही नावं अजून मराठी नाकीडोळी घेऊन फिरतात. दाणाओळीची पाटी 'दाना ओली' अशी असते. पुण्याहून पहिल्यांदा आलेला माझा नवरा ती वाचून म्हणाला होता, "दाणे ओले कशाला विकतात?"

आईनं पाटावर सरस्वती मांडली होती. वह्या-पुस्तकं, नातवाचा कॅल्क्युलेटर, आजोबांच्या तंबोऱ्याची एक निघालेली खुंटी. देवाला नव्या लोंब्या वाहायच्या असतात. गहू अजून निसवायचा होता म्हणून वहिनीनं बाड्यावरून जवाच्या आणल्या. महाराज बाड्यावर आज दोन बाजार एकमेकांना खेटून लागले होते. एकीकडे पंचमीचा पिवळा झेंडू, दुसरीकडे चौदा फेब्रुवारीचे लाल गुलाब. गुलाब बराच महाग होता आणि बराच खपत होता.

जेवायला केशरी भात. मी जुनी शंका काढली. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. माघ तर शिशिरात येतो. मग वसंत पंचमी दोन महिने आधी का?

"पंचांग करणाऱ्यांना विचार," आई म्हणाली. "इथे चैत्रात बाहेर पडून बघ, डोकं तापतं. वैशाखात लू. वसंत जो काय असतो तो आत्ता ते होळी. बघायचा तर आत्ता बघ, नंतर तक्रार करू नकोस."

दुपारी ऊन आल्यावर दादा आणि मी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातल्या संग्रहालयात गेलो. उद्या कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, इथे ठरलं. पवाया गावातून आणलेली दाराच्या तोरणाची एक दगडी पट्टी तिथे आहे, गुप्तकाळातली. मधे एक बाई नाचते आहे आणि तिच्याभोवती बायकाच बसून वाद्यं वाजवताहेत. कुणाच्या हाती वीणा, कुणाच्या बासरी, कुणी तालवाद्यावर. एकही पुरुष साथीला नाही. ग्वाल्हेरचं गाणं म्हटलं की आपण तानसेनापासून सुरुवात करतो, फार तर राजा मानसिंह तोमरापर्यंत मागे जातो. ही मैफल त्यांच्याही हजारेक वर्षं आधीची. नाचणारीचा डावा हात लांबवून छातीवरून आडवा आलेला आहे, आणि बोटांची टोकं इतकी झिजली आहेत की ती कुठली मुद्रा होती ते आता कळणार नाही. मी त्या हातासमोर बराच वेळ उभी होते. दादा म्हणाला, "जिथून आणली तिथे जायचं का? वाटेत गहू, मोहरी सगळं दिसेल."

गुरुवार, माघ शुद्ध षष्ठी

पवाया ग्वाल्हेरपासून साठ-सत्तर किलोमीटर. आधी झाशीच्या हमरस्त्यानं डबरा आणि तिथून आत. वाटेत आंत्री लागतं. 1602मध्ये अकबराच्या दरबारातला अबुल फजल दख्खनेतून परतताना याच भागात मारला गेला, शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून. मारणारा ओरछाचा वीरसिंह बुंदेला. परवा रेल्वेतून पाहिलेला दतियाचा महाल त्यानंच पुढे बांधला. अबुल फजलची कबर आंत्रीला आहे. दादा दर वेळी "एकदा बघायला पाहिजे" म्हणतो आणि दर वेळी पुढे निघून जातो. या वेळीही गेला.

डबऱ्याच्या पुढे कालव्याचा मुलूख. रस्त्याच्या कडेला काटेसावरीचं एक झाड दिसलं. अंगावर पान नाही, फांद्या काळ्या जाड कळ्यांनी भरलेल्या, आणि शेंड्याला फक्त चार फुलं उघडलेली. मैनांचं भांडण त्या चारांवरूनच चाललं होतं. मी "थांब, थांब" म्हटलं, दादानं गाडी कच्च्यात उतरवली, आणि पुढचं चाक चिखलात गेलं. कोरडी वाटणारी ती माती रात्रीच भिजलेली होती.

शेतातून मफलर गुंडाळलेला एक मनुष्य आला. चाकाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "भाईसाहब, नहर छूटी है. दिखी नहीं?"

नाही दिसली. आम्ही वर झाडाकडे बघत होतो.

ट्रॅक्टर आणायला मुलगा गेला तो तासाभरानं आला. तो तास माझ्या या सहलीतला सगळ्यात मोलाचा. आधी मी सौजन्य म्हणून बोलले, की चला, सुटली एकदाची थंडी, यंदा फारच हाल झाले असतील तुमचे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोलले असावे.

"छूटनी नहीं चाहिए. बीस दिन और रुक जाए, बस."

मग त्यानं आपल्या जमिनीचा हिवाळा बांधाबांधानं दाखवला. बटाटा गेला. कोहरा हटेना, पानांवर करपा आला आणि चार-पाच दिवसांत शेत काळं झालं. तुरीचा एक तुकडा पाल्यानं मारला. 'पाला' म्हणजे रात्रीत गोठलेलं दव. मराठी कानाला 'पाला पडला' म्हणजे पानं गळली असं वाटतं, आणि समोरच्या तुरीकडे बघता दोन्ही अर्थ लागू होते. जानेवारीत निरभ्र आणि वारा पडलेली रात्र आली की घरातली माणसं पाळीपाळीनं जागायची. शेताला हलकं पाणी सोडायचं, आणि ज्या बाजूनं वारा यायचा त्या बांधावर ओला कडबा, पालापाचोळा पेटवून धूर करायचा. धूर जमिनीलगत पसरला की पाला बसत नाही. हरभरा असाच वाचला. मोहरीला ढगाळ दिवसांत माहू लागला होता. त्यानं एक शेंडा वाकवून दाखवला. पिवळ्या चार पाकळ्यांच्या फुलोऱ्याखाली देठाला राखाडी-हिरवे बारीक किडे चिकटलेले, मुंग्यांची ये-जा, बोटांना चिकट लागणारा रस. लांबून ज्या रंगानं माझा जीव हरखत होता त्याच्या दोन इंच खाली ही वस्ती. शिवाय पिवळा रंग झाडावर रोज थोडा वर सरकतो हेही तेव्हाच कळलं. फूल खालून वर उमलत जातं, मागे शेंगा राहतात. रंग शेंड्याला पोचला की संपला.

आणि मग गहू. तिथे तो थांबला, आणि प्रथमच हसला. त्यानं एक रोप मुळाशी धरून मला फुटवे मोजायला लावले. अकरा मोजल्यावर माझा घोळ झाला. थंडी जितकी लांबते तितका गहू फुटवे धरतो. ज्या गारठ्यानं बटाटा नेला, तूर नेली, त्याच गारठ्यानं हा गहू केला होता. आता ओंब्या निघणार, मग दाणा भरणार. त्या दिवसांत रात्री गार हव्यात. हवा एकदम तापली तर दाणा दुधातच आकसतो आणि खळ्यावर पोतं हलकं भरतं.

दादा बँकेतून निवृत्त झालेला आहे, त्यातली बरीच वर्षं पीककर्जाच्या टेबलावर गेली. तो म्हणाला, "दो हजार बाईस का मार्च याद है?" त्या मनुष्यानं फक्त कानाच्या पाळीला हात लावला. 2022च्या मार्चमध्येच उन्हाळा पेटला होता. उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक राहिला, आणि त्या मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. पेपरात मी ती बातमी वाचली असणार. तेव्हा पुण्यात आमचा वाद एसी कुठल्या खोलीत लावायचा यावर चालला होता.

म्हणजे पुण्याहून दोन दिवसांचा प्रवास करून मी ज्याच्या स्वागताला आले होते, त्यानं आणखी वीस दिवस वेशीबाहेर थांबावं अशी इथे सगळ्यांची इच्छा.

ट्रॅक्टरची वाट बघताना त्यानं बांधावर हरभऱ्याचे डहाळे उपटून सुक्या काडीवर भाजले. त्याला तिकडे होरा म्हणतात, आपले होळे. घाटे तडतडतात, हिरव्याचे काळे होतात, मग राखेतून निवडून तळव्यावर चोळायचे आणि फुंकर मारायची. दाणा बाहेरून जळका, आतून दुधाळ. मीठ नव्हतं, लागलंही नाही. हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटांना लागली होती, ती चाखली की मिठाची आठवण होत नाही. निघताना दादानं पैसे पुढे केले, ते त्यानं घेतले नाहीत. आमच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर माझी पाच काळी बोटं उमटली ती आम्ही परत येईपर्यंत तशीच होती.

पवायाला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. गाव लहान. सिंध आणि पार्वती इथे मिळतात. हीच जुनी पद्मावती, नाग राजांची राजधानी. आधी इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं ती नरवरला असावी असं मानलं होतं. पवायाच्या बाजूनं पुरावा उभा केला तो ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मो. ब. गर्द्यांनी. विटांचा टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारा मोठा चौथरा त्यांनीच उकरून काढला. आता त्यावर गवत आणि दोन शेळ्या होत्या. वीट मात्र बघावी अशी, आजच्या विटेच्या दीडपट तरी लांब.

पद्मावतीशी आपलं नातं मात्र आणखी जुनं आहे. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकाचं कथानक याच नगरीत घडतं. भवभूती स्वतः विदर्भातल्या पद्मपूरचा, आठव्या शतकातला. त्याचा नायक माधव हा विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा, शिकण्यासाठी पद्मावतीला पाठवलेला. म्हणजे दौलतरावांच्या फौजेच्या हजारभर वर्षं आधी नागपूरकडचा एक पोरगा शिक्षणासाठी ग्वाल्हेर भागात येऊन राहिला होता, निदान नाटकात तरी. अभ्यास किती केला देव जाणे. वसंतातल्या मदनोत्सवाला गेला, तिथे बकुळीची माळ ओवत बसला, मालती दिसली, आणि न्यायशास्त्र राहिलं बाजूला. दादाचं मत, "मुलगा बाहेरगावी ठेवला की हे असंच."

मदनोत्सवाची बाग कुठे असेल म्हणून आम्ही संगमाकडे उतरलो. बकुळ नव्हती. बाभळी, बोरी आणि पळस. पळस अजून मिटलेला होता. प्रत्येक काटकीवर काळसर तपकिरी मखमलीच्या कळ्यांचे घोस, हरणाच्या कोवळ्या शिंगासारखे. एक कळी नखानं उघडून बघितली. आत केशरी रंग घडी घालून ठेवलेला. उगीच उघडली, असं लगेच वाटलं. होळीला आठवडा राहिला की हे सगळं माळरान पेटेल. तेव्हा मी पुण्यात असेन.

धूमेश्वराचं देऊळ जवळच आहे, नदीचं पाणी खडकांवरून पडतं तिथे. पावसाळ्यात तुषारांचा धूर होतो म्हणून धूमेश्वर, असं पुजारी म्हणाले. हे देऊळही वीरसिंहानं बांधलं म्हणतात. सकाळी आंत्रीला त्याची दुसरी बाजू कळली होती. देवासमोर उभं राहून मी काय मागावं ते मला सुचेना. शेवटी वीस दिवस मागितले.

शुक्रवार, रथसप्तमी

आज कुठे गेलो नाही. अंगणात तुळशीसमोर वहिनीनं सात घोड्यांचा रथ काढला. सातवा घोडा दरवर्षी तिच्याकडून बकरीसारखा होतो. गोवऱ्यांचा लहानसा आर, त्यावर मातीचं बोळकं, बोळक्यात दूध, आणि सगळे पूर्वेकडे तोंड करून. फक्त सूर्य आला नव्हता. सात वाजले, साडेसात वाजले. कोहरा परत दाटला होता, परवापेक्षा जास्त. एरवी मी वैतागले असते. आज मनात आलं, चला, एक दिवस तर मिळाला.

दूध आधी धुरकटलं, मग कडेनं बारीक बुडबुडे, मग साय मधोमध फुगली. "आता कुणी हलवू नका," आई म्हणाली. आठ वाजता शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे एक पांढरी थाळी दिसली, डोळे न मिचकावता बघता येईल अशी. त्याच वेळी दूध उतू गेलं. निखाऱ्यावर चर्र झालं आणि करपलेल्या दुधाचा तो वास आला, जो एरवी स्वयंपाकघरात आला की कुणाला तरी बोलणी बसतात.

"कुठल्या बाजूनं गेलं?" आईला नीट दिसत नाही.

"पूर्वेला."

"बरं होणार मग."

कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही. दादानं रात्रीच तिला गव्हाचं सगळं सांगितलेलं होतं.

संध्याकाळी संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा शेवट. लष्करातल्या बायका आल्या, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे घेऊन गेल्या. दोघीजणी एकमेकींशी हिंदीत आणि आईशी मराठीत बोलत होत्या. सगळ्यांना एकच घाई, रजया कधी उन्हात घालायच्या. मी विचारलं, "अजून वीस दिवस थांबली थंडी तर?" एकदम चार आवाज आले, "नको गं बाई!"

शनिवार, माघ शुद्ध अष्टमी

ग्वाल्हेरच्या उत्तरेला, आग्रा रस्त्यानं चंबळ. मुरैना ओलांडलं की जमीन फाटायला लागते. हे बीहड. सिनेमांनी त्यांत डाकू भरून ठेवले. आता बऱ्याच घळी ट्रॅक्टर लावून सपाट केल्या आहेत आणि तळाशी मोहरी आहे. वळणावर उभं राहिलं की खाली पिवळी पात्रं ठेवल्यासारखी दिसतात.

एका शेताच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्यांची रांग होती. मोहरी फुलली की पेट्या येतात, फूल सरलं की ट्रकमधून दुसऱ्या पिकाकडे जातात. रखवालदाराचा आवराआवरीचा विचार चालू होता. मध घेतला, तर त्यानं आधीच बजावलं, "जम जाएगा, तो वापस मत लाना." मोहरीचा मध लवकर दाणेदार होतो, तुपासारखा थिजतो आणि लोकांना वाटतं साखर मिसळलीय. शहरी गिऱ्हाईक दुकानात जाऊन भांडतं, म्हणून व्यापारी पातळ राहणारा मध मागतात. खरं असण्याचाच त्याला तोटा.

राष्ट्रीय चंबळ अभयारण्य 1979चं, मुख्यतः घडियाल मगरींसाठी. देवरीच्या केंद्रात नदीकाठची अंडी आणून उबवतात आणि पिल्लं सव्वा मीटरच्या आसपास वाढली की नदीत सोडतात. टाक्यांमधली पिल्लं काठावर ओळीनं पडली होती, उन्हाकडे तोंड करून. रथसप्तमी यांची रोजच.

राजघाटाला नाव केली. पाणी हिरवं आणि काचेसारखं. वाळूच्या बेटावर नऊ घडियाल, त्यात एक नर, नाकाच्या टोकाला घड्यासारखा फुगवटा असलेला. त्या घड्यावरूनच घडियाल. नाव जवळ गेली तरी एकही हलला नाही. नावाडी म्हणाला, पाणी थंड आहे तोवर हे ऊन सोडत नाहीत. नदी तापली की पाण्यात दिसतील, मग मार्चअखेरीपासून माद्या वाळूत अंडी घालतील. पलीकडे चक्रवाकांची जोडी, विटकरी रंगाची, आणि त्यांच्या मागे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या राजहंसांचा थवा, पाच-पन्नास तरी. हे सगळे हिमालयापलीकडचे. थंडी संपते आहे का, हे यांना विचारायला हवं होतं. ते अजून वाळूवर बसलेले होते, पण सारखे उठत होते आणि थोडं उडून परत बसत होते.

दुपारी दोन वाजता नावेत मला घाम आला. मी कुणाला सांगितलं नाही.

रविवार, माघ शुद्ध नवमी

परतीची गाडी सकाळी अकराची होती आणि वेळेवर होती. आकाश स्वच्छ, कोहऱ्याचा मागमूस नाही. स्टेशनला निघताना अंगणातल्या कडुनिंबात तांबट बोलायला लागला होता, टुक, टुक, टुक, थंड डोक्यानं भांडं ठोकल्यासारखा. वहिनीनं बॅगेत गजक, मध आणि शेवग्याच्या फुलांची पुडी भरली. आईनं स्वेटरची सगळी बटणं स्वतः लावली. वरचंसुद्धा.

गाडी सुटून अर्धा तास झाला नाही तोच फोन.

"घातलायस ना अजून?"

खोटं बोलता आलं असतं. "काढला गं. आत्ताच, आंत्रीला."

"आंत्री? सकाळी साडेअकराला?" मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली. बाहेर मोहरीच्या शेतात एक बाई विळा घेऊन कडेचा पहिला वाफा कापायला बसलेली होती.

"तो गव्हावाला त्याच बाजूचा ना?" आई म्हणाली. "घाल परत तो. निदान झाशीपर्यंत घाल."